तिसरं कपाट

"आडनाव आधी," घैसास म्हणाले.

बाईंना वाटलं, या माणसाला ऐकू कमी येतं. त्यांनी पदर सावरला आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेला कळेल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "मालती तळवडेकर."

"ऐकलं मी. पण इथे आडनाव आधी असतं. तळवडेकर, मालती." चष्मा कपाळावर चढवून ते उठले. "तुम्ही कितीही मोठ्या असा, इथे आल्यावर तुमचं आडनाव पुढे आणि तुम्ही मागे."

स्वतःच्या विनोदावर ते थोडंसं हसले. आम्हीही हसलो. गरज आमची होती.

पुण्यातल्या एका मोठ्या दैनिकाचा हा संदर्भ विभाग. दैनिकाचं नाव सांगत नाही, तुमच्याही घरी येत असेल. घैसास तिथले प्रमुख. भिंतीभर लोखंडी खण, खणांवर अ, आ, इ करत अक्षरं, आणि आत खाकी पाकिटं. ज्याचं म्हणून काही छापून आलं, त्याचं कात्रण कापून त्याच्या नावाच्या पाकिटात टाकायचं, ही त्या खोलीची रीत. कॉम्प्युटर अजून यायचे होते. एखाद्या पुढाऱ्यानं दहा वर्षांपूर्वी काय थापा मारल्या होत्या ते बघायचं झालं की संपादकसुद्धा घैसासांपुढे येऊन उभे राहत. त्यामुळे घैसासांना खुर्चीत बसल्याबसल्याही उंचावर बसल्यासारखं वाटत असावं.

बाई म्हणजे आमच्या मिरजेच्या नाटक कंपनीतल्या नायिका. मी त्याच कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक धरून उभं राहायचं आणि नटाचा शब्द अडला की प्रेक्षकांना ऐकू न जाता पुरवायचा, हे माझं काम. बाईंचा शब्द फारसा अडत नसे. अडला की त्या डावा हात बांगड्यांवर ठेवत आणि माझे ओठ हलायच्या आत त्यांना शब्द कळे.

कंपनी बुडाली तेव्हा मालकांनी बाईंना सामानाच्या खोलीमागची एक खोली राहायला दिली होती. मालक गेले, मुलगा कर्ता झाला आणि त्याला गोडाऊनला जागा हवी झाली. एक दिवस बाई देवळातून परत येतात तो ट्रंक गायब. जुने शालू, शेले यांच्याबरोबर त्यानं ती ट्रंकही रद्दीवाल्याला घातली होती. आत बाईंचं सगळं होतं. जाहिराती, परीक्षणं, फोटो, हँडबिलं. "त्यात काय, कागदच होते ना?" असं तो मलाच म्हणाला. शिवाय पंधरवड्यात खोली रिकामी करा, असंही.

वाईच्या बाजूला म्हाताऱ्या कलावंतांसाठी एका ट्रस्टनं निवास बांधला होता. एक खोली रिकामी होती. बाईंनी अर्ज केला. विश्वस्तांचं उत्तर आलं की आपण प्रमुख भूमिका केल्याचे छापील पुरावे जोडा, तोंडी कोणीही सांगेल. महिनाअखेरीला त्यांची बैठक होती. तेव्हा कोणीतरी सुचवलं की पुण्याच्या त्या दैनिकाकडे जा, ते चिटोरंसुद्धा टाकत नाहीत.

म्हणून आम्ही पहाटेच्या एस.टी.नं आलो होतो. बाईंनी ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि वाटेत मळमळेल म्हणून काही खाल्लं नव्हतं.

घैसासांनी 'त' चा खण ओढला. बोटांनी पाकिटं मागे सारत गेले. "तळपदे... तळवडे... तळवलकर." मग बोट थांबलं. मी शेजारीच उभा होतो. तळवडे आणि तळवलकर यांच्यामध्ये पाकीट नव्हतं. तिथे एक गुलाबी पुठ्ठा उभा होता, त्यावर मोठा तीनचा आकडा. घैसासांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि खण अगदी हलक्या हातानं लोटून दिला.

"नाही," ते म्हणाले. "तुमचं काही नाही आमच्याकडे."

बाई उभ्या होत्या त्या खुर्चीच्या पाठीला धरून राहिल्या. "असं कसं? 'संगीत चंद्रकंकण'चे पुण्यात मुक्काम झाले. तुमच्याच पेपरात आलं होतं. फोटोसकट. माझ्या हातात कंकण आहे आणि मी अशी मागे वळून बघतेय."

"आलं असेल. पण आलं ते सगळंच राहतं असं नाही. आम्ही छाटणी करतो. जागा कुठे आहे?" आणि मग एकदम, मघाचा माणूस हा नव्हेच असं वाटावं इतक्या गोड आवाजात, "बसा ना बाई. उभ्या का? चहा घेता? थांबा, मी सांगतो."

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, मला वाटलं की म्हातारीची दया आली याला.

चहा आला. घैसासांनी कोरा कागद ओढला. "असं करू. कात्रणं नाहीत, पण तुम्ही समोर आहात. तुमची माहिती नीट नोंदवून घेऊ. काय?"

"त्याचा उपयोग होईल?" बाईंनी विचारलं.

"होईल की. चांगलाच होईल. जन्म कुठला?"

"तळवडं. सावंतवाडीजवळचं."

"साल?"

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. कंपनीच्या हँडबिलात त्यांचं वय कायम चार वर्षांनी मागे असे. हे गुपित मालकांना, त्यांना आणि मला ठाऊक होतं. "खरं सांगू?"

"खरंच हवं."

त्यांनी खरं सांगितलं. "पण हे आपल्यात हं. छापायबिपायचं नाही."

"छे छे," घैसास म्हणाले आणि लिहिलं.

मग सुरूच झालं. पहिली भूमिका कोणती, गाणं कोणाकडे शिकलात, गाजलेलं पद कोणतं. बाई खुलल्या. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी इतकं विचारलं नव्हतं. मध्येच एखादं गावाचं नाव आठवेना, एखाद्या दिवाणाच्या भूमिकेतल्या नटाचं नाव जिभेवर येऊन अडे. डावा हात बांगड्यांवर जाई आणि मी पुरवत असे. "निपाणी." "विष्णुपंत दिवेकर." घैसासांचं पेन क्षणभर थांबे, शब्द मिळाला की पुन्हा धावे. एकदा ते मला म्हणाले, "फार उपयोगी आहात हो तुम्ही."

"लग्न?"

"नाही."

"नातेवाईक कोणी?"

"कोणी नाही. हा वामन आहे." बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

घैसासांनी माझ्याकडे पाहिलं, पण लिहिलं नाही.

"तब्येत कशी असते हल्ली?"

"दम लागतो. जिना चढताना फार. छातीत धडधडतं."

"अरेरे. कुठल्या डॉक्टरांचं चालू आहे?"

किती आपुलकी, असं बाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. त्यांनी मिरजेतल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, दवाखाना कुठे तेही सांगितलं. घैसासांनी ते काळजीपूर्वक उतरवलं आणि खाली रेघ मारली.

"आता शेवटचं. रंगभूमीनं तुम्हाला काय दिलं, असं वाटतं?"

बाईंचा डावा हात बांगड्यांवर गेला. मी ओठ हलवले नाहीत, कारण याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मला उजेडात उभं केलं. समोर अंधार असायचा, त्यामुळे माणसं मला काय नजरेनं बघतात ते कधी दिसलं नाही. तेवढंच बरं झालं."

"वा!" घैसास म्हणाले. मनापासून म्हणाले. "फोटो आहे एखादा?"

बाईंच्या पर्समध्ये एकच फोटो उरला होता. ट्रंकेत नव्हता म्हणून वाचलेला. तोच तो, कंकण हातात घेऊन मागे वळून पाहतानाचा. त्यांनी तो रुमालातून सोडवला. मला राहवलं नाही. "साहेब, आमच्याकडे तेवढाच पुरावा आहे. परत मिळेल ना?"

"मिळेल की. नोंदीला लावू आणि देऊ." फोटो कागदाला टाचला गेला.

बाई उठल्या. चहानं आणि बोलण्यानं त्यांच्या गालांवर रंग चढला होता. "मग मला एवढं लिहून द्याल का? या बाई अमुक अमुक नाटकांत प्रमुख भूमिका करत होत्या, एवढंच. तुमच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी."

"ते कसं देणार?" घैसासांचा आवाज पुन्हा मघासारखा कोरडा झाला. "तुमचं आमच्याकडे काही नाही. नाही त्याचं लिहून द्यायचं म्हणजे खोटं लिहिल्यासारखं होईल. हा संदर्भ विभाग आहे बाई. इथे ऐकीव चालत नाही."

"पण आत्ता तुम्हीच तर लिहून घेतलंत..."

"ती नोंद झाली. तो पुरावा नव्हे."

जिना उतरताना बाई मधल्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं, दम लागला. त्या म्हणाल्या, "वामन, मी होते ना रे?"

"म्हणजे काय बाई!"

"नाही, म्हणजे एवढ्या मोठ्या पेपरात कपटासुद्धा नाही. कोणी तरी ठेवला असता ना."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. शब्द पुरवणं हाच ज्याचा धंदा, त्याला नेमका तेव्हा धड शब्द सापडला नाही, याचा मला अजून संताप येतो.

विश्वस्तांनी अर्ज फेटाळला. फोटोसाठी मी दैनिकाला दोनदा पत्र टाकलं. उत्तर नाही. मालकांच्या मुलानं कुलूप घातलं, तेव्हा बाईंना मी माझ्या खोलीवर आणलं. चाळीतल्या लोकांना बोलायला विषय मिळाला, बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाईंनी नाटकाचं नाव काढणं सोडून दिलं. पूर्वी भाजी निवडतानासुद्धा पद गुणगुणायच्या, ते थांबलं. शेवटी इस्पितळात ठेवलं होतं, तिथली नर्स कौतुकानं म्हणाली, "आजी, हे काका सांगतात तुम्ही नाटकात राणी व्हायचात. खरं?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तो वामन काहीतरी बोलतो."

तीन दिवसांनी त्या गेल्या.

अंत्यसंस्कार उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो. पेपर टेबलावर पडला होता. बाई माझ्याकडे मागे वळून बघत होत्या. हातात कंकण.

अर्धं पान होतं. 'चंद्रकंकण'चं जुनं परीक्षण चौकटीत, पुण्याच्या मुक्कामाची जाहिरात, निपाणीच्या सत्काराची बातमी, सगळं जुन्या कात्रणांतून काढून मांडलेलं. मधोमध मोठ्या अक्षरांत, 'मला उजेडात उभं केलं...' आणि पुढचं सगळं, शब्दाला शब्द. जन्मसाल खरं. निपाणी, दिवेकर, मी पुरवलेली सगळी नावं जागच्या जागी. आणि शेवटची ओळ, 'त्यांच्या पश्चात कोणीही नाही.'

मी तसाच स्टँडवर गेलो आणि पुण्याची गाडी धरली.

घैसास खुशीत होते. मला ओळखलं त्यांनी. "वाचलंत? बाकीच्यांनी दोन ओळी दिल्या असतील. आपण अर्धं पान! आमचा मिरजेचा वार्ताहर त्या डॉक्टरांकडे जाऊन-येऊन असायचा, त्यामुळे लगेच कळलं."

"ही कात्रणं कुठून आली?"

"कुठून म्हणजे? इथूनच." त्यांनी कोपऱ्यातलं एक हिरवं कपाट उघडलं. त्यावर तीनचा आकडा होता. आत तशीच खाकी पाकिटं, पण प्रत्येकावर टाइप केलेला मजकूर टाचलेला. "नामवंत माणूस सत्तरी ओलांडून गेला की त्याचं पाकीट खणातून काढून इथे आणायचं. मृत्युलेख आधीच तयार ठेवायचा. आयत्या वेळी कोण धावपळ करणार? खणात खुणेला गुलाबी पुठ्ठा ठेवतो." बाईंचं पाकीट त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. चांगलं जाडजूड होतं. "मजकूर जरा त्रोटक होता आमच्याकडे. बरं झालं तुम्ही त्या दिवशी आलात. त्यांच्याच तोंडचं मिळालं. असं योगायोगानं क्वचित घडतं."

"म्हणजे त्या दिवशी हे पाकीट इथे होतं."

"होतं की."

"बाई समोर बसल्या होत्या. पुरावा द्या म्हणत होत्या. यातली चार कात्रणं झेरॉक्स करून दिली असती तर त्यांना राहायला खोली मिळाली असती."

घैसासांना माझा राग कळेना. खरंच कळेना, ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "अहो, या कपाटातलं हयात माणसाला दाखवत नाहीत. नियम आहे. आपला मृत्युलेख तयार आहे हे कळलं तर कसं वाटेल माणसाला? त्यांच्या भावनांचा विचार करावा लागतो." मग जरा समजुतीनं, "आता हवं तर झेरॉक्स देतो. आता काही हरकत नाही."

"शेवटची ओळ चुकली आहे," मी म्हणालो.

लगेच पेन निघालं. चूक म्हटल्यावर तो माणूस सावध झाला. "कुठली?"

"पश्चात कोणीही नाही, असं लिहिलंय. मी होतो."

"तुमचं नातं?"

आयुष्यभर मी विंगेत उभा राहून त्या बाईंच्या ओठांकडे पाहत होतो. त्यांच्या श्वासाची जागा मला ठाऊक होती. मला त्या आवडत होत्या, त्यांना ते माहीत होतं आणि दोघांनी कधी तो विषय काढला नाही. याला काय म्हणतात ते सांगता येईना. "प्रॉम्प्टर," मी म्हटलं.

"ते नातं नव्हे," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग त्यांनी 'त' चा खण ओढला, पाकीट तळवडे आणि तळवलकर यांच्यामध्ये बसवलं आणि गुलाबी पुठ्ठा काढून घेतला. तो पुसला, आणि त्याच हातानं 'द' चा खण उघडला. "दिवेकर, विष्णुपंत," त्यांनी वाचलं. पाकीट बाहेर निघालं, पुठ्ठा आत गेला. "तुम्ही मघा... म्हणजे त्या दिवशी यांचं नाव घेतलं होतं. खलनायक करायचे ना? यांचाही मजकूर तयार करायचाय. हल्ली कुठे असतात? एकदा घेऊन या त्यांना. चहा पाजू."

विष्णुपंत नरसोबाच्या वाडीला एका धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकून होते. त्यांचाही अर्ज त्याच विश्वस्तांनी त्याच कारणानं परत पाठवला होता.

"विष्णुपंत?" मी म्हणालो. "परवाच गेले की."

घैसासांचा चेहरा उजळला. त्याला दुसरा शब्दच नाही. "कोणाकडे बातमी आहे?"

"गरिबाची बातमी कोण देतो? घाटावर मीच होतो. अग्नी मीच दिला."

"बसा, बसा." चहा सांगितला गेला. कोरा कागद पुढे आला. जन्म कुठला, भूमिका कोणत्या, शेवटचे शब्द काय होते. मी कुठेही न अडखळता सगळं पुरवलं. शेवटचे शब्दही चांगले रचून दिले. कात्रणांतले दोन फोटो घैसासांनीच निवडले. "पश्चात?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, असंच घाला," मी म्हणालो. "तुम्हाला सवयीचं आहे."

दुसऱ्या दिवशी छापून आलं. अर्ध्या पानाहून मोठंच. तिसऱ्या दिवशी विष्णुपंत तो पेपर घेऊन, काठी टेकत, पुण्यात त्या दैनिकाच्या दारात उभे राहिले. दिवाणाच्या भूमिकेतलं ते खदाखदा हसणं त्यांनी तिन्ही मजल्यांवर ऐकवलं म्हणे. चौथ्या दिवशी पहिल्या पानावर दिलगिरी आली, 'ज्येष्ठ नट विष्णुपंत दिवेकर हयात असून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे.' घैसासांना त्या खोलीतून उचललं आणि छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसवलं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मृत्युलेख न तपासता छापल्याबद्दल संपादकांनी सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा ते रडले, असंही ऐकलं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

विष्णुपंतांनी ती दोन्ही कात्रणं अर्जाला जोडली. एकात ते मोठे नट असल्याचा छापील पुरावा होता आणि दुसऱ्यात जिवंत असल्याचा. विश्वस्तांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. खोली अजून रिकामी होती, बाईंना नाकारलेली तीच. खिडकीतून कृष्णा दिसते. विष्णुपंत तिथे सात वर्षं सुखानं राहिले.

मी अधूनमधून जात असे त्यांच्याकडे. ते प्रत्येक वेळी पोट धरून ती गोष्ट सांगत आणि मला म्हणत, "वामन, काय डोकं चाललं रे तुझं!" मी हसत असे. खिडकीशी बसलं की मला एकच सुचत राही. बाई त्या जिन्यात थांबल्या होत्या, तेव्हाच माघारी वळून घैसासांना सांगायला हवं होतं की त्या गेल्या.